मांजराचं लिटर: वास थांबवणारं आणि पर्यावरणाला झेपणारं नेमकं कोणतं?

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या शहरांत मांजर पाळणं म्हणजे दारात दुधाची वाटी ठेवणं, एवढाच अर्थ बरीच वर्षं होता. शी-शू ते परसात, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा कुणाच्या तरी बांधकामाच्या वाळूत उरकून यायचं. आता तेच मांजर तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये राहतं, खिडकीला जाळी असते, आणि त्याचं सगळं बाल्कनीतल्या किंवा बाथरूममधल्या एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये होतं.

या ट्रेमध्ये जे भरतात ते लिटर. दूध मोजायच्या मापाशी त्याचा काही संबंध नाही. मांजराला उकरायला मिळावं, ओल शोषली जावी आणि वास दबावा यासाठी वापरलेली माती, भुसा किंवा गोळ्या म्हणजे लिटर.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावरून घरात कुरबुर होते, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतात, घरमालक जागा सोडायला सांगतो. वास आटोक्यात आला नाही की बऱ्याचदा शेवट एकच असतो. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणं.

दुसरीकडे, ऑनलाइन मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक पिशवीवर हिरवं पान आणि 'इको-फ्रेंडली' हा शब्द असतो. त्यातच देशात घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले आहेत. त्यांच्या अमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि घरातला कचरा तीनऐवजी चार भागांत वेगळा करण्याची जबाबदारी घरावर आहे. म्हणजे 'कोणतं लिटर घ्यायचं' एवढं विचारून आता भागणार नाही. वापरलेलं लिटर कुठे जाणार, हेही विचारावं लागेल.

वास नेमका कशाचा येतो?

मांजराच्या ताज्या लघवीला तुलनेनं कमी वास असतो. नाकात झिणझिण्या आणणारा वास नंतर तयार होतो. लघवीत युरिया असतो. ट्रेमधले जिवाणू त्याचं विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू बाहेर पडतो. ओल, उष्णता आणि वेळ या तीन गोष्टी मिळाल्या की हे काम जोरात चालतं.

मांजराच्या बाबतीत हा त्रास जास्त जाणवतो, कारण पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. शरीरातलं पाणी वाचवायची सवय असल्यामुळे मांजराची लघवी खूप दाट असते. थोड्या लघवीत जास्त युरिया, म्हणून जास्त अमोनिया.

यात आणखी एक भर पडते. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू तुटतं आणि त्यातून गंधकाची संयुगं तयार होतात. बोक्याचा म्हणून जो खास वास ओळखू येतो, तो याचा. नसबंदी न केलेल्या बोक्यामध्ये फेलिनिन बरंच जास्त असतं, आणि नसबंदीनंतर ते कमी होतं.

त्यामुळे घरात वयात आलेला, नसबंदी न झालेला बोका असेल, तर महागातलं महाग लिटरही हरण्याची शक्यता आहे. अशा घरात लिटर बदलण्याआधी पशुवैद्यकाला भेटणं जास्त उपयोगाचं. फवारे मारायची सवय लागण्याआधी नसबंदी झाली तर फरक चांगला पडतो.

राखेपासून मुलतानी मातीपर्यंत

गावाकडे घरात मांजरानं घाण केली की त्यावर चुलीतली राख टाकायची पद्धत होती. जगात इतरत्रही लोक तेच करत होते. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका बाईंना राखेचा कंटाळा आला. मांजर राखेचे पाय घेऊन घरभर फिरायचं. त्या शेजारच्या एड लोव यांच्याकडे वाळू मागायला गेल्या. लोव यांच्या घरचा धंदा सांडलेलं तेल शोषणारा माल विकण्याचा होता. त्यांनी वाळूऐवजी दाणेदार माती दिली. ती माती म्हणजे 'फुलर्स अर्थ', आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात त्याच जातीची. बाईंना ती आवडली, आणि त्यातून पाकीटबंद लिटरचा धंदा उभा राहिला.

राख का मागे पडली, याचं एक कारण पायाचे ठसे. दुसरं कारण रसायनशास्त्रातलं आहे. राख अल्कधर्मी असते. लघवीतला अमोनिया आम्लधर्मी ओलीत विरघळून राहतो, पण अल्कधर्मी वस्तू मिसळली की वायू होऊन उडतो. म्हणजे शीवर राख टाकली तर ती कोरडी होते आणि माश्या कमी बसतात, हे खरं. पण लघवीच्या ट्रेमध्ये राख किंवा चुना टाकला तर अमोनियाचा वास उलट वाढू शकतो.

खाण्याच्या सोड्याबद्दलही थोडं जपूनच. तो सौम्य अल्क आहे. शीच्या आंबट वासावर त्याचा थोडा उपयोग होतो, अमोनियावर फारसा नाही. ट्रेच्या तळाला चिमूटभर टाकायला हरकत नाही, मात्र सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

बाजारात सर्वाधिक दिसणारी माती: बेंटोनाइट

दुकानात जे राखाडी किंवा पांढरट दाणेदार लिटर मिळतं, ते बहुतेक बेंटोनाइट मातीचं असतं. लघवी पडली की त्याचा घट्ट गोळा होतो आणि तो खुरप्यासारख्या जाळीदार चमच्यानं उचलता येतो. ही गोळा होणारी माती १९८० च्या दशकात लिटर म्हणून वापरात आली.

तिचं काम कसं चालतं हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. बेंटोनाइटमधला मुख्य घटकही हाच, फक्त प्रमाण खूप जास्त.

वास रोखण्यात बेंटोनाइट चांगलं आहे. कारण ओल लगेच गोळ्यात अडकते आणि गोळा उचलला की लघवीही ट्रेबाहेर जाते. मांजरांनाही बारीक, वाळूसारखा पोत आवडतो.

अडचण दुसऱ्या बाजूला आहे. ही माती उघड्या खाणीतून काढतात. भारतात तिचे मोठे साठे गुजरातमध्ये, विशेषतः कच्छमध्ये, आणि राजस्थानात बाडमेरच्या भागात आहेत. तिथून सांगलीपर्यंत ती हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करते. वापरून झाल्यावर ती कुजत नाही. एका मांजरामागे महिन्याला ५ किलोची एक पिशवी धरली, तर वर्षाला ६० किलो माती झाली. समजा एखाद्या शहरात अशी पाचशे घरं आहेत, तर वर्षाला ३० टन माती, वर ओलीचं वजन वेगळं. ती सगळी घंटागाडीतून डेपोवर जाणार. शिवाय चमच्यानं उकरताना तिची बारीक धूळ उडते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

सिलिका आणि टोफू

काचेच्या खड्यांसारखे दिसणारे सिलिका जेलचे खडे लघवी शोषतात आणि बरेच दिवस वास दाबून ठेवतात. नव्या बुटाच्या खोक्यात जी छोटी पुडी असते, तोच हा पदार्थ. वजनाला हलका, धूळ कमी. पण तो कारखान्यात रसायनांपासून बनतो आणि कुजत नाही. सांगली-साताऱ्याच्या पावसाळ्यात हवेतली ओलही तो शोषत राहतो, त्यामुळे पिशवीवर लिहिलेले दिवस इथे भरतीलच असं नाही.

'टोफू लिटर' म्हणजे सोयाबीनचं दूध काढल्यावर उरलेला चोथा, मका किंवा वाटाण्याचा स्टार्च आणि गोळा धरण्यासाठी गवार गमसारखा डिंक यांच्या शेवयांसारख्या कांड्या. हे खरोखर कुजणारं आहे, गोळा धरतं, धूळ कमी. मात्र यातला बराच माल चीनमध्ये बनतो. दमट हवेत उघड्या पिशवीला बुरशी लागते आणि मुंग्या येतात. शिवाय त्याच्या पिशवीवर 'टॉयलेटमध्ये फ्लश करा' असं लिहिलेलं असतं. त्या सल्ल्याबद्दल पुढे.

मग आपल्याच जिल्ह्यात काय आहे?

पर्यावरणपूरक लिटर म्हणजे शेती किंवा लाकूडकामातून उरलेल्या मालाचं, जवळ बनणारं आणि कुजणारं. असा कच्चा माल या दोन जिल्ह्यांत कमी नाही.

उसाचं चिपाड: सांगली आणि सातारा साखर कारखान्यांचे जिल्हे. एक टन ऊस गाळला की साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो ओलं चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, उरतं. ते कुणी फेकून देत नाही. कारखान्याच्या बॉयलरमध्ये तेच जळतं आणि त्यावर वीजही बनते. पण रसवंतीवरून चिपाड आणून थेट ट्रेमध्ये टाकायचा प्रयोग करू नये. त्यात साखर उरलेली असते, ते आंबतं, मुंग्या लागतात. कुबट, बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीनं फुप्फुसाचा एक आजार होतो. वैद्यकीय पुस्तकांत त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. धुऊन, वाळवून, दाबून केलेल्या गोळ्या असतील तर गोष्ट वेगळी.

भाताचा तूस: शिराळा, पाटण, जावळी हे भाताचे तालुके. गिरणीवर तूस मिळतो. पण त्याचं कवच गुळगुळीत आणि टणक असतं, त्यामुळे नुसता तूस ओल फारशी शोषत नाही, लघवी तळाला जाऊन साचते. दळून गोळ्या केल्या की तो चांगलं काम करतो.

लाकडाचा भुसा: वखारीत किंवा सुताराकडे मिळतो, स्वस्त पडतो, ओल शोषतो. यात दोन पथ्यं आहेत. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा अजिबात नको, कारण त्यात डिंक आणि फॉर्मल्डिहाइड असतं. आणि पिठासारखा बारीक भुसा नको, कारण तो मांजराच्या आणि माणसाच्या नाकात जातो. भट्टीत वाळवून दाबलेल्या लाकडी गोळ्या, म्हणजे वुड पेलेट, या सगळ्यात सरस. लघवी पडली की गोळी फुटून भुसा होतो आणि तो खाली गळतो. त्यासाठी वर चाळणी आणि खाली रिकामा ट्रे अशी दुहेरी मांडणी लागते. जुन्या ट्रेला भोकं पाडून ती घरीही करता येते.

औद्योगिक वसाहतीत बॉयलरसाठी मिळणाऱ्या पेलेट किंवा 'व्हाइट कोल'चे ठोकळे मात्र यासाठी नाहीत. त्यात कशाकशाचा भुसा दाबला आहे, हे जनावराचा विचार करून ठरवलेलं नसतं.

वाळूबद्दलही एक शब्द. बांधकामाच्या ढिगातून पाटीभर वाळू आणणं फुकट वाटतं. पण वाळू ओल धरून ठेवत नाही, लघवी तळाशी साचते आणि वास येतो. आणि नदीतून उपसलेल्या वाळूला पर्यावरणपूरक म्हणणं कृष्णाकाठी तरी कठीण आहे.

पोल्ट्रीवाल्यांना हे आधीच माहीत आहे

'लिटर' हा शब्द सांगली-साताऱ्याच्या ग्रामीण भागात नवा नाही. ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये तूस किंवा भुशाचा जो थर असतो, त्याला पोल्ट्रीवाले लिटरच म्हणतात. शास्त्रीय मराठीत ती 'गादी पद्धत'. तिथेही शत्रू तोच, अमोनिया. तो वाढला की कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, वजन घटतं, नुकसान होतं.

त्यामुळे पोल्ट्रीवाला काय करतो? गादी कोरडी ठेवतो, ठरावीक वेळानं ती खालीवर करतो, पाण्याच्या भांड्याखालचा ओला भाग लगेच काढतो आणि शेडमध्ये हवा खेळती ठेवतो. गादीवर सुगंधी फवारा कुणी मारत नाही, कारण त्यानं अमोनिया जात नाही हे त्याला ठाऊक असतं.

घरातल्या ट्रेलाही हेच नियम लागू पडतात. लघवीचा ओला भाग दिवसातून किमान एकदा, जमल्यास दोनदा उचलायचा. थर साधारण दोन-तीन इंचांचा ठेवायचा. आठवड्या-दोन आठवड्यांनी ट्रे पूर्ण रिकामा करून साध्या साबणानं धुऊन उन्हात वाळवायचा. घरात जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त, असं पशुवैद्यक सांगतात. ट्रे बंद बाथरूममध्ये न ठेवता हवा येईल अशा कोपऱ्यात ठेवायचा. वर्षभरात ट्रेच्या प्लास्टिकला नखांचे ओरखडे पडतात आणि वास त्यातच मुरतो, तेव्हा ट्रे बदलायचा.

पावसाळ्यात हे सगळं जास्त काटेकोरपणे करावं लागतं. जूनपासून भुसा आणि गोळ्यांची पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली नाही, तर लिटर ट्रेमध्ये पडण्याआधीच निम्मं ओलं झालेलं असतं.

अजून एक. माणसाचं नाक रोजच्या वासाला सरावतं. घरच्यांना वास येत नाही म्हणजे वास नाही असं नव्हे. आलेल्या पाहुण्याला विचारणं हा जास्त भरवशाचा उपाय. आणि ट्रे जमिनीवर असतो, त्यामुळे माणसाला जाणवण्याआधी अमोनिया मांजराच्या नाकाशी पोहोचलेला असतो.

फिनेल, ब्लीच, डांबराच्या गोळ्या: हे नकोच

वास आला की बहुतेक घरांत हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. फिनॉल वर्गातली रसायनं शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. डांबराच्या गोळ्याही मांजराला विषारी आहेत. ब्लीच अमोनियाशी मिसळलं की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात, त्यांचा त्रास माणसालाही होतो. ट्रे धुवायला साबण आणि भरपूर पाणी पुरतं. फरशीवरच्या जुन्या डागासाठी एन्झाइमचं क्लीनर मिळतं.

फ्लश का करायचं नाही?

आता तो राहिलेला मुद्दा. पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, मांजराची शी आणि लिटर टॉयलेटमध्ये टाकू नये. या शहरांत आणि आसपास असंख्य घरांचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. बेंटोनाइट तिथे फुगून बसतं. टोफूही मोठ्या प्रमाणात गेलं तर टाकी लवकर भरते.

त्याहून मोठं कारण टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी. लागण झालेल्या मांजराच्या शीतून त्याची अंडीवजा बीजं बाहेर पडतात. सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर काही आठवडे. ती बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणून रोज शी उचलणं हा वासावरचाच नव्हे, आरोग्याचाही उपाय आहे. बहुतेक निरोगी माणसांना या लागणीचा पत्ताही लागत नाही. पण गरोदरपणात ती पहिल्यांदाच झाली तर बाळाला धोका असतो. त्यासाठी गरोदर बाईनं मांजर सोडून द्यायची गरज नाही. ट्रे साफ करायचं काम घरातल्या दुसऱ्यानं करायचं. नाइलाज असेल तर हातमोजे घालून, रोजच्या रोज, आणि नंतर हात साबणानं धुऊन. कच्चं राहिलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच परजीवी येतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

ही बीजं क्लोरीनला दाद देत नाहीत. १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात टोक्सोप्लाझ्माची साथ आली, शंभरच्या आसपास रुग्ण आढळले आणि संशय शहराच्या पिण्याच्या पाण्यावर गेला. कॅलिफोर्नियात समुद्री ऊदमांजरांमध्ये हा परजीवी सापडू लागला. त्यानंतर २००६ मध्ये तिथे कायदा झाला आणि लिटरच्या पाकिटावर 'फ्लश करू नका' अशा अर्थाची सूचना बंधनकारक झाली.

आता हे नकाशावर पाहा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते आणि मग ती सांगलीत पोहोचते. सांगली तिचंच पाणी पिते. वरच्या गावानं गटारात सोडलेलं खालच्या गावाच्या वाट्याला येतं.

मग खत करता येईल का?

'कुजणारं' म्हणजे 'घरच्या खताच्या डब्यात टाकण्यासारखं' असं नव्हे. घरगुती खताचा ढीग ही बीजं मरण्याइतका सतत तापत नाही. कुंडीतल्या मेथी-कोथिंबिरीला किंवा परसातल्या वांग्या-टोमॅटोला हे खत घालू नये. गावाकडे जागा असेल, तर भुसा किंवा लाकडी गोळ्यांचं लिटर विहीर, बोअर आणि भाजीच्या वाफ्यांपासून लांब, दोनेक फूट खोल खड्ड्यात पुरता येतं. ज्यांच्या घरी अंगण आहे, त्यांच्यासाठी कुजणाऱ्या लिटरचा खरा फायदा हा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी उरते ती घंटागाडी. नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे कचऱ्याचे चार भाग आहेत. सॅनिटरी भागात डायपर, पॅड अशा गोष्टी येतात. मांजराची शी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात मिसळली, तर ती खत प्रकल्पात आणि तिथून कुणाच्या तरी शेतात जाणार. सुक्या कचऱ्यात लपवली, तर प्लास्टिक आणि कागद हातानं निवडणाऱ्या माणसाच्या हाताला लागणार. म्हणून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, वेगळी पुडी करून, ती डायपरसारख्या कचऱ्यासोबत द्यावी आणि गाडीवरच्या कर्मचाऱ्याला आत काय आहे ते सांगावं. आपल्या वॉर्डात कोणती पद्धत आहे, हे नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागात एकदा विचारून घ्यावं.

वर्गीकरण या भागाला जमत नाही, असं म्हणायला जागा नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० मध्ये कऱ्हाड देशात पहिलं आलं होतं, आणि २०२२ मध्ये पाचगणी. दोन्ही सातारा जिल्ह्यातली.

पिशवीवरच्या हिरव्या पानाचं काय?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १५ ऑक्टोबर २०२४ रोजी 'ग्रीनवॉशिंग'विरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नॅचरल', 'सस्टेनेबल' असे मोघम शब्द कंपनीनं नुसते छापून चालत नाहीत. त्याचा नेमका अर्थ काय, उत्पादनाच्या कोणत्या भागाला तो लागू आहे आणि त्याला आधार काय, हे ग्राहकाला कळेल असं सांगावं लागतं.

म्हणून पिशवी हातात घेतल्यावर चार गोष्टी शोधा. कशापासून बनलं आहे, हे स्पष्ट लिहिलंय का? कुठे बनलं आहे? सुगंध घातला आहे का? असेल तर टाळलेलं बरं, कारण माणसाला छान वाटणारा लव्हेंडरचा वास मांजराला नकोसा होतो आणि ते ट्रे सोडून गादीवर जातं. आणि 'बायोडिग्रेडेबल' म्हटलं असेल, तर कुठल्या परिस्थितीत आणि किती दिवसांत? उत्तर मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

तर निवड कशी करायची?

गावात किंवा अंगणाच्या घरात राहत असाल, तर लाकडी गोळ्या किंवा वखारीतला जाडसर, कोरडा भुसा आणि दुहेरी ट्रे. स्वस्त, जवळचा आणि पुरता येणारा.

फ्लॅटमध्ये एक-दोन मांजरं असतील आणि रोज साफ करायला वेळ असेल, तर लाकडी गोळ्या किंवा गोळा होणारं वनस्पतीजन्य लिटर. फ्लश न करता.

दिवसभर घर बंद असेल किंवा मांजर दुसरं काहीच वापरत नसेल, तर बेंटोनाइट वापरण्यात अपराधी वाटायचं कारण नाही. फक्त संपूर्ण ट्रे दर आठवड्याला ओतून देण्याऐवजी गोळे तेवढे रोज उचला आणि वर नवी भर घाला. माती निम्म्यानं कमी लागली, तर पर्यावरणाचा तेवढाच फायदा झाला. लघवी ट्रेबाहेर किती लवकर जाते यावर वास ठरतो, पिशवीच्या किमतीवर कमी.

लिटर बदलायचं असेल तर एका रात्रीत बदलू नका. जुन्यात थोडं नवं मिसळत दोन-तीन आठवडे घ्या. मांजराला पायाखालचा बदल पटकन चालत नाही.

आणि लिटर, ट्रे, सवय यांतलं काहीच बदललेलं नसताना वास अचानक वाढला, मांजर ट्रेबाहेर लघवी करू लागलं किंवा लघवीचे गोळे एकदम मोठे किंवा अगदी लहान दिसू लागले, तर दोष लिटरचा नसून मांजर आजारी असू शकतं. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर लावतोय आणि लघवी होत नाहीये, ही तर आणीबाणी. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी नवी पिशवी मागवत बसू नका. थेट जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.